पाळीचा रस्ता

बुलढाणा जिल्ह्यात बाहेरगावची माणसे जातात ती शेगावला दर्शनासाठी, नाहीतर लोणारचे सरोवर पाहण्यासाठी. मी त्या सरोवरापासून फार दूर नसलेल्या एका गावात चार दिवस राहिलो आणि सरोवराकडे फिरकलोसुद्धा नाही. मी एक भिंत पाहायला गेलो होतो. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही, त्यांना सरोवराची माहिती कोठेही मिळेल. भिंतीची माहिती कोणी देणार नाही, म्हणून हे लिहीत आहे.

माझे आयुष्य साताऱ्याच्या न्यायालयीन नोकरीत गेले. पत्नीचे माहेर सुलतानपूरजवळचे. ती आता नाही, पण तिचा धाकटा भाऊ प्रल्हाद तेथे शेती करतो आणि माझ्याशी पूर्वीचाच जिव्हाळा ठेवून आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला, की पुढच्या शेताच्या नव्या मालकाने भिंत घातली आणि आपला गाडीरस्ता बंद झाला. आता काय करावे, असा प्रश्न होता. मामलेदार न्यायालय अधिनियमाचे पाचवे कलम नेमके याचसाठी आहे. शेतात जाण्याचा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर तो मोकळा करून देण्याचा अधिकार तहसीलदाराला असतो; मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. मी त्याच रात्री दावा लिहून पाठवला, प्रल्हादने सही करून दाखल केला, आणि ऑक्टोबरात स्थळपाहणीची तारीख लागली. त्या तारखेला हजर राहण्यासाठी मी निघालो.

नांदुरा

सकाळी नांदुऱ्याला उतरलो. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची वर्दळ अजून सुरू व्हायची होती. धान्याच्या अडतींपुढे मात्र सोयाबीनची पोती येऊन पडली होती. हॉटेलात कचोरी आणि चहा घेतला. आमच्याकडे कचोरी हा दिवाळीतला पदार्थ. येथे माणसे सकाळी दात घासून होताच हिरव्या मिरचीबरोबर ती खातात आणि शांत चित्ताने कामाला लागतात. मला ते जमले नाही. खामगावपर्यंत घशात जाळ होता.

जाळ मिरचीचाच होता असे नाही. बसच्या खिडकीतून दर काही अंतरावर फलक दिसत होते. 'रोड टच', 'महामार्ग टच', 'बुकिंग सुरू'. काळ्या जमिनीवर तांबडा मुरूम पसरलेला, चुन्याने चौकोन आखलेले, रंगीत झेंडे रोवलेले, आणि प्रत्येक वसाहतीला तिने जे मारले त्याचेच नाव दिलेले. एकीचे नाव 'हिरवाई', दुसरीचे 'आमराई'. त्या आमराईत एकही आंबा नव्हता. एक खुंट होता आणि त्याला फलकाची तार बांधली होती.

शेजारी एक पागोटेवाले गृहस्थ बसले होते. मी त्यांना विचारले, की इतकी घरे बांधून राहणार कोण. ते म्हणाले, राहत कोणी नाही, घेऊन ठेवतात. त्यांनी स्वतःची जमीनही अशीच दिली होती. मग समाधानाने पुढे म्हणाले, "आन् त्यातच एक प्लॉट घेतला बा मीनं. कोपऱ्याचा. वावर सुटलं असं वाटलं नाई पाह्यजे ना." ज्या मातीत या माणसाने जन्मभर ज्वारी काढली, तिचा एक कोपरा त्याने तिच्याच पैशांतून परत विकत घेतला होता आणि या व्यवहारात त्याला काहीच वावगे वाटत नव्हते. मी पुन्हा खिडकीबाहेरचे फलक पाहू लागलो. बोललो असतो तर मेहकरपर्यंत बोलतच राहिलो असतो.

सासुरवाडी

सुलतानपूरच्या फाट्यावर प्रल्हाद मोटारसायकल घेऊन उभा होता. घरी पोहोचताच त्याची पत्नी सुमनबाई तांब्याभर पाणी आणि टॉवेल घेऊन पुढे आल्या. जावई कितीही म्हातारा होवो, तेथे तो जावईच असतो. मला खुर्ची, बाकीच्यांना सतरंजी. माझ्या भाकरीवर तूप, बाकीच्यांच्या भाकरीवर तेल. मी पंक्तीत सर्वांबरोबर बसण्याचा आग्रह धरला, तेव्हा सुमनबाई इतकेच म्हणाल्या, "बसा ना जवाईबापू," आणि खुर्ची होती तेथेच ठेवली. या गावात जावयाला कोणी नाही म्हणत नाही. मला हे सौजन्य फार आवडत आले होते. दुसऱ्याच दिवशी ते मला किती महागात पडणार आहे, हे तेव्हा समजले नव्हते.

जेवताना परिस्थिती कळली. प्रल्हादची सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, झाली होती आणि शेतातच सुडी रचून, ताडपत्री टाकून ठेवली होती. मळणीयंत्र ट्रॅक्टरला जोडून न्यावे लागते आणि ट्रॅक्टर जायला वाट नव्हती. धुऱ्यावरून (आमच्या बांधाला तेथे धुरा म्हणतात) माणूस जातो, चाक जात नाही. सुडीवर एक अवकाळी पाऊस पडला की आतून वाफ धरते, दाण्याला बुरशी येते आणि वर्षाचे पीक गुरांच्याही उपयोगाचे राहत नाही. शिवाय सुडी हलल्याशिवाय हरभऱ्याची पेरणी नाही. आणि भिंतवाल्यांचा माणूस दोनदा घरी येऊन सांगून गेला होता, की रस्ता नसलेले वावर ठेवून काय करता, आम्हीच घेतो. सुमनबाई ताटावरून नजर न उचलता म्हणाल्या, "तो चांगला बोलते. वाईट बोलला असता तं बरं झालं असतं."

शिवार

पाहणीच्या दिवशी सकाळी शेतावर गेलो. आदल्या रात्री शिंतोडे पडून गेले होते. काळ्या जमिनीत पायताण घालून उतरू नये, हे मला कोणी सांगितले नाही. अर्थातच, जावयाला कोण सांगणार. दहा पावलांत माझ्या चपलांना विटेएवढी माती चिकटली, एक चप्पल मातीतच राहिली आणि मी शासकीय पाहणीला अनवाणी हजर झालो.

जागेचा नकाशा सोपा आहे. सडकेला लागून दोन शेते, त्या दोहोंच्या मागे प्रल्हादचे. उजवीकडचे भगवान नावाच्या शेतकऱ्याचे, डावीकडचे मधुकरचे. मधुकर संभाजीनगरला नोकरीला असतो. नवा द्रुतगती महामार्ग झाल्यापासून या सडकेचे भाव चढले, त्याने जमीन विकली, आणि आता तेथे मुरूम, झेंडे आणि पुरुषभर उंचीची भिंत आहे. वेशीवर 'शिवारवैभव' असे नाव आहे. आत एक कारंजे बांधलेले आहे, त्यात पाणी नाही.

नायब तहसीलदार वेळेवर आले. तरुण, थकलेले आणि सभ्य गृहस्थ होते. तलाठ्याने नकाशा उघडला; त्यात रस्ता नव्हता. मी सांगितले, की नकाशात नसणे ही अडचण नाही, वहिवाट पुरेशी आहे, आणि दाव्यात स्पष्ट लिहिले आहे, की वाडवडिलांपासून अखंडपणे मधुकरच्या पूर्वेच्या धुऱ्याने गाडीरस्ता होता. ते म्हणाले, बरोबर आहे, मी अर्जदारालाच विचारतो. आणि त्यांनी प्रल्हादला विचारले, रस्ता कोठून होता ते दाखवा.

प्रल्हादने माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे. "औंदा इथून होता साहेब."

"औंदा म्हणजे?"

"मागच्या साली भगवानच्या वावरातून होता. त्याच्या मागच्या साली इथून. पाळी असते ना."

हळूहळू सगळे बाहेर आले. प्रल्हादच्या आजोबांच्या काळापासून या तीन घरांचा रिवाज असा, की एक वर्ष मधुकरच्या धुऱ्याकडेची पट्टी वाटेसाठी सोडायची आणि एक वर्ष भगवानच्या. अखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पाळी बदलते. गाडीच्या, आणि आता ट्रॅक्टरच्या, चाकाने जमीन दबते, पाणी पीत नाही. एकाच्याच मातीवर तो भार कायम राहू नये म्हणून ही वाटणी. ज्याची पाळी संपली तो ती पट्टी खोल नांगरून पेरतो, आणि पाऊस पडला की तेथे कधी वाट होती हे कोणाला ओळखूही येत नाही.

मी नोकरीत असताना रस्त्यांचे अनेक दावे पाहिले. माझ्या जिल्ह्यात बांध कोरण्यावरून भावाभावांची डोकी फुटलेली पाहिली. इतकी न्याय्य व्यवस्था मी कोठेही पाहिलेली नाही. आणि नेमक्या त्याच न्यायबुद्धीने पुराव्याचा एक कणही मागे ठेवला नव्हता. एकाने दुसऱ्याच्या उरावर गाडी घातली असती, तर चाकोरी पडली असती, वाद झाला असता, पंचनामा झाला असता, आणि आज आमच्या हाती कागद असता. परस्परांशी नीट वागणाऱ्या माणसांसाठी कायद्यात रकानाच नाही, याचा मला त्या चिखलात उभे राहून जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

भिंतवाल्यांचा प्रतिनिधी, याच तालुक्यातला एक इस्त्रीचा सदरा घातलेला तरुण, गोड हसला. म्हणाला, म्हणजे साहेब, यांना रस्ता आहेच की भगवानदादाच्या वावरातून, मग आमची भिंत कशाला पाडायची. नायब तहसीलदार म्हणाले, की दाव्यात एक लिहिले आहे आणि अर्जदार दुसरे सांगत आहे. नोंद तर तशीच घ्यावी लागणार, असे ते म्हणाले. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. त्यांनी असेही सुचवले, की महसूल संहितेच्या कलम १४३ खाली शेताच्या हद्दीवरून नवा रस्ता मागता येतो. भगवानची संमती असेल, तर तो लवकर होईल. मी तेथेच मोठ्याने म्हणालो, की तोही अर्ज करू.

घरी येताना मी प्रल्हादला फैलावर घेतले. दाव्याचा कागद महिनाभर तुझ्या हाती होता, तू वाचलास, सही केलीस, मग एका शब्दाने सांगितले का नाहीस.  तो म्हणाला, "तुम्ही लिवलं होतं ना भाऊजी. जवायानं लिवलेल्यात चूक काढावं कसं?"

 तुपाची भाकरी ज्या रिवाजाने मिळाली, त्याच रिवाजाने दाव्यातली चूकही तशीच दाखल झाली होती.

तुरीचे दोन तास

दुसऱ्या दिवशी आकाश भरून आले. आम्ही सुडीवरची ताडपत्री आवळायला निघालो, तर भगवानच्या शेतात विळ्याचा आवाज. त्याची तूर ऐन फुलावर होती. पिवळी, कमरेच्या वर गेलेली. धुऱ्याकडचे दोन तास, म्हणजे दोन ओळी, तो मुळाजवळून कापत होता. अर्धी पट्टी मोकळी झाली होती.

भगवान साठीचा, किडकिडीत आणि बोलायला तिखट. प्रल्हादने त्याला विचारले, हे काऊन करतो, पाळी तुही नाही औंदा. तो कापतच राहिला. म्हणाला, "अवकाळी पाऊस काय पाळी पाहून येते काय बे? थ्रेशरवाल्याले फोन लाव, उभा काऊन राह्यला?" मग मला पाहून विळा खाली ठेवला आणि टोपी सारखी केली. "रामराम जवाईबुवा. काल तुमची चप्पल सापडली का?"

दुपारी ट्रॅक्टर त्या पट्टीतून आत गेला. कापलेल्या तुरीची फुले चाकांखाली गेली. मळणीयंत्राचा धुरळा उडाला, पोती भरली, आणि संध्याकाळचा पाऊस आला तेव्हा सुडीच्या जागी फक्त कुटार, म्हणजे भुसकट, होते. प्रल्हादने भगवानला सांगितले, की माझ्या बाजूची दोन तासांची जागा यंदा तू हरभऱ्याला घे. तो म्हणाला, घेतो. इतकेच. साक्षीदार नाही, सही नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका पिकाची भरपाई ठरली आणि तिला बिडी पेटवण्याइतकाही वेळ लागला नाही.

पाऊस उघडल्यावर गोठ्याच्या पडवीत रोडगे झाले. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून फोडतात, आणि वांग्याची भाजी, वरण व तूप घालून खातात. आमच्याकडे या पदार्थाच्या जवळचे काही नाही. पहिल्या घासाला राखेची कचकच लागते, दुसऱ्यापासून हात थांबत नाही. त्या दिवशी सर्व पुरुष एकाच सतरंजीवर बसले. मीही बसलो, पडवीत खुर्ची मावत नव्हती.

जेवण होताच मी कलम १४३ चा अर्ज बाहेर काढला. तो मी सकाळीच लिहून ठेवला होता. भगवानला वाचून दाखवला. त्याच्या धुऱ्यावरून प्रल्हादला कायमचा रस्ता, नकाशावर नोंद, पुढे कोणाला हरकत घेता येणार नाही. ज्या माणसाने फुलावरची तूर न मागता कापली, तो सही करील याविषयी मला शंकाच नव्हती.

त्याने मान हलवली. "सही नाई देत."

मी विचारले, का. प्रल्हाद खाली पाहू लागला. भगवान म्हणाला, की आज रस्ता माझा आहे, म्हणून कोणाला सोडायचे आणि कोणाला नाही हे माझ्या हाती आहे. "कागद झाला म्हंजे तो सरकारी झाला. मंग त्यावरून परल्हाद येईन, तसा तोबी येईन." 'तो' म्हणताना त्याने भिंतीकडे हात केला.

मी त्याला समजावले. आवाज चढवूनच समजावले, हे मान्य करतो. तोंडी शब्द तुझ्यापुरता आहे, तुझ्या मुलांनी उद्या जमीन विकली तर प्रल्हादने जायचे कोठे, असेही विचारले.  तो म्हणाला, "ते मीबी रातच्याले इचार करतो." पण सही दिली नाही.

मी रागावून अंगणात आलो. तेवढ्यात इस्त्रीच्या सदऱ्याचा तरुण मोटारसायकलवरून उतरला. चौकशी केली, मळणी झाल्याबद्दल आनंद व्यक्त केला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुमचा तो एकशे त्रेचाळीसचा अर्ज टाकाच. मोजणीले आमचा माणूस येईन, मुरूमबी आम्ही टाकून देतो. रस्ता झाला पाह्यजे, सर्वांच्याच भल्याचं हाय."

मी त्याला विचारले, की भिंत घालून रस्ता बंद करणाऱ्याला रस्त्याची इतकी कळकळ का. तो भाबडेपणाने म्हणाला, की मागच्या बाजूला दुसरा टप्पा करायचा म्हटला तर नोंदीचा रस्ता लागतोच. भिंतीतून काढायचा तर पुढचे प्लॉट कमी होतात. 'मागची बाजू' म्हणजे प्रल्हादची जमीन. ती अजून प्रल्हादची होती, त्याने विकायचे कबूलही केले नव्हते, आणि तिच्यातल्या प्लॉटांचा रस्ता भगवानच्या मातीवर, माझ्या हस्ताक्षरात, मंजूर व्हायला निघाला होता.

निघताना

तो अर्ज मी दाखल करू दिला नाही. प्रल्हादने विचारले, मग काय करायचे. मी जन्मभर लोकांना सांगत आलो, की जे आहे ते लिहून ठेवा. आणि त्या अंगणात मला सांगावे लागले, की हे लिहू नकोस.  कायद्यावर माझा आजही विश्वास आहे. म्हणूनच चीड येते, की तो शेताला रस्ता देऊ लागला, तरी त्याच्या पाठोपाठ प्लॉटवाला चालत येतो, आणि त्याला अडवायला एका म्हाताऱ्याने सही नाकारण्यापलीकडे काही उरत नाही.

मात्र पाचव्या कलमाचा दावा मी सोडलेला नाही. सहा महिने अजून संपलेले नव्हते. शेवटच्या दिवशी सकाळी दुरुस्तीचा अर्ज लिहिला. या वेळी आधी प्रल्हादला, मग भगवानला बोलायला लावले आणि ते बोलले तसेच उतरवले. सुमनबाईंनी तर दोनदा थांबवले. जुन्या दाव्यातला 'अखंडपणे' हा शब्द त्यांनी काढायला लावला, आणि पट्टीची रुंदी मी दहा फूट धरली होती ती चुकीची असल्याचे तोंडावर सांगितले. जावयाची चूक त्या घरात प्रथमच निघाली असावी. प्रल्हाद कावराबावरा झाला, मला बरे वाटले. भगवाननेही या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली, कारण यात त्याच्याकडून काही मागितलेले नव्हते; जे होते ते सांगितले होते.

तहसील कार्यालयात कारकुनाने अर्ज वाचला आणि विचारले, की म्हणजे रस्ता आहे की नाही. मी म्हणालो, एका आड एक वर्षी आहे. तो म्हणाला, असा रस्ता नसतो. मी पोच मागितली. त्याने शिक्का मारून दिली.

साताऱ्याला परतल्यापासून मी दर आठवड्याला एक पत्र लिहितो, कधी जिल्हाधिकाऱ्यांना, कधी वर्तमानपत्राला. मधुकरने जमीन विकली, तिच्याबरोबर तिच्यावरचा भार विकला जात नाही, नव्या मालकाकडे जातो. हे तत्त्व मी शोधलेले नाही, जुनेच आहे. यंदाची पाळी मधुकरच्या शेताची होती, ती भगवानने आपल्या तुरीवर निभावली. येत्या अखजीपासून पाळी रीतसर भगवानचीच आहे, आणि तो ती देणार आहे. त्याच्या पुढच्या अखजीला पाळी भिंतीची आहे. त्या दिवशी भिंत उघडण्याचा आदेश मला हवा आहे.